बेबीच्या दाढेचा फोटो

"फोटो नाही म्हणजे नाही," असं म्हणून बेबीनं गालावर ओला टॉवेल दाबला आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. संपला विषय.

आता या बाईला बेबी म्हणायचं म्हणजे खरं तर थट्टाच. चाळिशीला टेकलेली, शाळेत भूगोल शिकवणारी, वर्गात नुसती शिरली तरी मागच्या बाकावरची मुलं ताठ बसतात अशी तिची जरब. पण घरात एकदा पडलेलं नाव कधी सुटलंय का कुणाचं? त्यातून आता पाचवा महिना सरत आलेला. "बेबीला बेबी होणार," असं म्हणून तिचा नवरा, म्हणजे घरचा जावई, सुरुवातीला स्वतःच खो खो हसायचा. गेल्या चार दिवसांत त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

कारण ही दाढ. उजवीकडची, खालची. आधी नुसती ठणकली, मग गाल सुजला, मग जबडा नीट उघडेना. अंगात ताप. खाणं बंद, दूध तेवढं कसंबसं घोट घोट जात होतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "या गोळ्यांनी आग दबेल, विझणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे जा आणि आजच जा. तिथला पू पसरला तर तुमच्याबरोबर बाळालाही जड जाईल." जावई तिला लगेच घेऊन गेला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून बघितलं, ठोकून बघितलं आणि म्हणाल्या, एक एक्स-रे काढू. एवढं ऐकलं मात्र, बेबी खुर्चीतून उठली ती थेट घरी. गळ्यात बांधलेला कागदी रुमालसुद्धा तसाच! रस्त्यानं लोक वळून बघत होते.

मग जावयानं शेवटचं अस्त्र काढलं. सासूला फोन केला.

काकू आल्या. काकू म्हणजे बेबीची आई. नवऱ्याच्या दाताच्या दवाखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला, तिथले पेशंट त्यांना काकू म्हणायचे, म्हणून मग त्या जगाच्याच काकू झाल्या. जावईही काकूच म्हणायचा. पिशवी खुर्चीवर टाकून त्या सरळ लेकीच्या उशाशी गेल्या, टॉवेल बाजूला केला आणि गाल उजेडाकडे वळवून बघितला. असे गाल त्यांनी ढिगानं बघितले होते. पण ते परक्यांचे होते.

"अगं, हे काय करून बसलीस!"

"मी केलंय का?" दात न उघडता बेबी बोलली.

"फोटोला नाही का म्हणालीस?"

"तू विचारतेस? तू? बाबांचं बोट विसरलीस?"

"विसरायला ती छत्री आहे का?" काकू एकदम तडकल्या. मग बेबीच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी टॉवेल हलकेच परत गालावर ठेवला.

त्या पाण्याचं कारण काही नुसती दाढ नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोनदा आशा लागली आणि दोनदा पाणी फिरलं. दुसऱ्या वेळी तर बेबी महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. आता हे तिसरं, देवानं उशिरा का होईना पदरात टाकलेलं. त्याच्यासाठी ती जिना चढताना कठडा धरत होती, चहा सोडला होता, शाळेत खडूची धूळ नको म्हणून फळा मुलांकडून पुसून घेत होती. आणि त्याच्यावर एक्स-रे सोडायचा? ज्यानं बापाचं बोट खाल्लं, तो?

बोटाचं सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे घर असा संसार होता. मधे एक दार. दाराच्या अलीकडे कुकरची शिट्टी आणि पलीकडे "आ करा, अजून मोठा आ करा." बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, त्यावर गाल धरून बसलेली माणसं, आणि कोपऱ्यात डॉक्टरांचा जीव की प्राण असलेलं ते एक्स-रेचं मशीन. पांढरं, लांब मानेचं, भिंतीला टेकलेलं. त्या वेळी आसपास कुणाकडे नव्हतं. लोक मुद्दाम बघायला यायचे. एक म्हातारे कारकून तर फोटो काढायचाय म्हणून चापून चोपून भांग पाडून, कोरा सदरा घालून आले होते. खुर्चीत बसले आणि विचारतात, "डॉक्टर, हसू का?" डॉक्टर म्हणाले, "हसा की, दाढ हसली तरी आम्हाला चालेल."

जिन्याखाली एक अडगळीची खोली होती, तिथं फोटो धुवायचे. दार लावलं की मिट्ट काळोख, फक्त एक लाल दिवा, आणि आंबूस तिखट असा औषधांचा वास. नव्या नवरीला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात ते काम शिकवलं. बोटाच्या पेराएवढी फिल्म चिमट्याला लावायची, या भांड्यात बुडवायची, मग पाण्यात, मग त्या भांड्यात. लाल उजेडात घड्याळाचे काटे काही दिसायचे नाहीत, म्हणून काकू पाढे म्हणायच्या. कुठला पाढा किती वेळा हे ठरलेलं. एकोणतीसचा पाढा अडला की फोटो काळा पडायचा, आणि बाहेर येऊन डॉक्टर म्हणायचे, "आज एकोणतीस सातीला घोटाळा झालेला दिसतो."

पण कधी कधी डॉक्टरही आत यायचे. दोघांनी त्या भांड्यावर वाकून बघत राहायचं. आधी सगळं धुरकट, मग कडेकडेनं काळं होत जायचं आणि मधे दाढेच्या मुळ्या पांढऱ्या पांढऱ्या उभ्या राहायच्या. कितीदा बघितलं तरी काकूंना नवल वाटायचं. आणि दुसरी एक सोय होती. फोटो धुताना दार उघडायचं नाही, उघडलं तर उजेड शिरून फिल्म फुकट, हा नियम सगळ्या घराला लागू. सासूबाईंनासुद्धा. माणसांनी गजबजलेल्या त्या घरात नव्या नवराबायकोला कुणी हाक मारणार नाही अशी तेवढी एकच जागा होती. एकाच दाढेचा फोटो धुवायला एवढा वेळ कसा लागतो, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. की कळलं असेल? देव जाणे.

पुढे बेबी झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर फिल्मा वाळत टांगलेल्या असायच्या, त्या दोरीखाली ती रांगायला शिकली. बोलायला लागली तेव्हा त्यांना "दाताची भुतं" म्हणायची. ते दिवस आठवले की काकूंना अजून गलबलून येतं. काय घाईगर्दी, काय वास, काय रडारड, आणि तरी किती सुख होतं!

आता बोटाची गोष्ट. फोटो काढायचा तर ती फिल्म तोंडात दाढेमागे घट्ट धरून ठेवावी लागते. मोठं माणूस स्वतःच्या बोटानं धरतं. पोरांना ते जमत नाही. जिभेनं ढकलतात, उमासे येतात, रडतात. डॉक्टर मग काय करायचे? स्वतःचं डाव्या हाताचं पहिलं बोट पोराच्या तोंडात घालायचे, फिल्म धरायचे, "आता तू माझं बोट चावायचं नाहीस आणि मी तुझं नाक चावणार नाही," असं काहीतरी बोलत राहायचे, आणि उजव्या हातानं बटण दाबायचे. पोर हसायच्या आत फोटो झालेला असायचा. पोरंच कशाला, भित्र्या बायका, म्हातारी माणसं, ज्याला म्हणून धीर नाही त्याच्यासाठी डॉक्टरांचं बोट तयार. "दातवाल्यांचा हात फार हलका," अशी ख्याती झाली ती उगाच नव्हे.

बटणाची वायर चांगली दाराबाहेर जाईल एवढी लांब होती. ती कशासाठी तेवढी दिलीय, हे डॉक्टरांना कळत नव्हतं असं समजू नका. पुस्तकात लिहिलेलं होतं. एका विक्रेत्यानं फिल्म धरायचा चिमटाही आणून दिला होता, तो ड्रॉवरमध्ये गंजला. काकूंनी दोनतीनदा विषय काढला तर म्हणायचे, "लेकरू तोंडात तो पत्रा घेऊन एकटं बसलंय, आणि मी बाहेर जाऊन लपू? कुठल्या तोंडानं परत आत येऊ गं?"

वर्षं गेली. बोटाची कातडी आधी कोरडी झाली. नखावर रेघा उमटल्या, मग नख चिरलं. डॉक्टर मलम लावायचे आणि विसरून जायचे. मग एक चामखिळीसारखं काहीतरी उठलं, त्याची जखम झाली, आणि ती जखम काही केल्या भरेना. शेवटी त्यांच्याच सर्जन मित्रानं त्यांना नाही नाही ते बोलून घेतलं आणि बोट अर्ध्यातून काढून टाकलं. पट्टी बांधून घरी आले तेव्हा म्हणतात काय, "नऊ आणि अर्धं उरलंय. पुरेल."

काकूंनी त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर त्या मशीनकडे हात करून आकांत केला. "या मेल्यानं खाल्लं यांचं बोट!" आणि बेबी तेव्हा फ्रॉकमधली, दाराआड उभी राहून ते ऐकत होती. पुढे डॉक्टरांनी चिमटा घासूनपुसून वापरात आणला, म्हातारे झाले, आणि एके दिवशी वर्तमानपत्र वाचता वाचता हृदय थांबून गेले. बोटाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण बेबीनं मनात सगळ्याचं एकच गाठोडं बांधलं. एक्स-रे, बोट, बाबा. मास्तरीण असली म्हणून काय झालं, बापाच्या बाबतीत मुलगी मुलगीच असते.

काकूंनी तो सगळा दिवस समजावण्यात घालवला. लाडीगोडी झाली, रागावणं झालं, शपथा घालून झाल्या. बेबीचं आपलं एकच पालुपद, "दात उपटू देत, फोटो नको." जावई खोलीच्या आत बाहेर नुसता येरझारा घालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप आणखी चढला. काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला लावला, आणि आवाज अगदी साधा ठेवून म्हणाल्या, "फोटो राहू दे. पण त्या डॉक्टरणीकडे जाऊ तर खरं."

"कशाला?"

"भांडायला. गरोदर बाईला फोटो काढ म्हणते म्हणजे काय? जाब विचारू."

भांडायचं म्हटल्यावर बेबी उठून बसली. शेवटी लेक कुणाची!

डॉक्टरीण म्हणजे अगदीच पोरसवदा होती. चष्मा कपाळावर ढकललेला, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि बोलणं असं की मागे पोलीस लागलेत. बेबीला बघून ती रागावली नाही. "माझा रुमाल परत द्यायला आलात का?" म्हणाली. बेबीला हसू आलं आणि लगेच कळ आली.

"आम्ही विचारायला आलोय," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात यानं बोट गेलंय." आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

पोरगी ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "किती वर्षं धरत होते ते असं, बोटानं?"

"सगळा जन्म. रोज. एकेका दिवशी कितीतरी."

"काकू, ते किरण सरळ त्यांच्या बोटावर पडत होते. रोज, जन्मभर. आणि जुनी मशीनं, जुन्या फिल्मा, वेळही जास्त लागायचा. चुलीपुढे जन्म काढणाऱ्या बाईचे डोळे जातात धुरानं. जेवायला आलेल्या पाहुण्याचे जातात का? त्यांचा एक पेशंट आला का कधी परत, फोटोमुळे काही झालं म्हणून?"

काकूंनी आठवून बघितलं. एकही नव्हता.

"मग तुम्ही का पळता बाहेर, फोटो काढताना?" बेबीनं सुजलेल्या तोंडानं वर्मावर बोट ठेवलं. "एवढं निर्धोक आहे तर थांबा ना इथंच!"

"मी दिवसभर हेच करते म्हणून. तुमचा एक फोटो, माझे दिवसाचे वीस. मी चुलीपुढची, तुम्ही पाहुण्या."

"आणि बाळ?"

"किरण जाणार या गालावर, एवढ्याशा जागेत. पोटाकडे जे पोहोचेल ते इतकं कमी, की जवळजवळ नाहीच. तरी मी शिशाचा एप्रन घालीन, गळ्यालाही पट्टा बांधीन. तुम्ही गरोदर आहात हे आधी सांगितलंत ते फार बरं केलंत, सगळ्यांनी सांगावं. पण काहीच धोका नाही, शून्य, असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. शून्य कशातच नसतं. तुमच्या दाढेतला पू मात्र शून्याच्या फार पुढे गेलाय."

"मग तशीच काढून टाका दाढ."

"कुठली?" डॉक्टरणीनं विचारलं. "दोन शेजारी शेजारी दुखतायत. एकीत जुनं सिमेंट आहे, एक वरून धडधाकट दिसते. माझा संशय पहिलीवर. पण संशयावर दाढ उपटायची आणि चुकले तर? पू तिथंच राहणार आणि चांगली दाढ बादलीत जाणार."

बेबीला ते पटलं. पण मान हलेना. गुडघ्यांवर हात घट्ट दाबून बसलेली. काकूंना तिच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं दिसत होती. दुपारपर्यंत हे असंच चाललं तर पुन्हा ताप, पुन्हा गोळ्या, पुन्हा उद्या. उद्यापर्यंत बाळानं थांबायचं का?

त्यांना एकदम सुचलं. दवाखान्यात पोरं अडून बसली की हाच उपाय असायचा, आधी बाहुलीचा दात बघायचा, मग पोरीचा. पर्स बाजूला ठेवून त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी आ वासला.

"आधी माझा काढा फोटो. तिच्या डोळ्यांदेखत. बघू दे तिला, काही होत नाही ते."

"तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही."

"मग नाही काढणार."

"अहो, मी सांगतेय ना! पैसे देते मी."

"पैशांचा प्रश्न नाही हो काकू. गरज असल्याशिवाय मी एकही फोटो काढत नाही. कुणाचाच. समजूत घालायला म्हणून तर मुळीच नाही."

"अगं, माझं वय झालं, मला आता काय होतंय?"

"वय झालं म्हणून फुकटचे किरण घ्यायचे का? उठा बघू त्या खुर्चीतून."

अशी झापली! आयुष्य दवाखान्यात काढलेल्या बाईला, कालच्या पोरीनं! काकू आ वासलेल्या त्या वासलेल्याच राहिल्या. आणि मग त्यांनी बघितलं तर बेबी डॉक्टरणीकडे टक लावून बघत होती. नवीन मुलगा वर्गात आला की जशी बघत असेल ना, अगदी तशी.

"एक काढून टाकला असता तर काय बिघडलं असतं?" बेबीनं हळूच विचारलं.

"फार काही नाही. पण उगाच का?"

बेबीनं गुडघ्यांवरचे हात सैल सोडले. मग केस मागे घेतले आणि म्हणाली, "मला एप्रन घाला."

आपल्याला बोलून बोलून घशाला कोरड पडली ते झालं नाही, आणि त्या पोरीच्या एका नाहीनं झालं! काकूंना जरा रागच आला. पण खरं होतं. जी उगाच काढत नाही, ती काढते म्हणाली तर त्याला अर्थ असणार. एवढं बेबीला कळलं, आणि ती मुकाट्यानं खुर्चीत मागे रेलली.

शिशाचा एप्रन तिच्या अंगावर जड गोधडीसारखा पसरला. गळ्याला पट्टा. फिल्मच्या जागी आता वायर लावलेली एक लहानशी चपटी डबी होती आणि ती धरायला प्लॅस्टिकचा चिमटा. डॉक्टरणीनं तो बेबीला चावायला दिला. जबडा पुरता उघडत नव्हता. डबी आत टेकली आणि बेबीला मोठा उमासा आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"नाकानं श्वास घ्या. पायाचे अंगठे हलवा, तिकडे लक्ष द्या. हां, असंच. आता अजिबात हलायचं नाही. हललात तर फोटो पुसट येईल आणि दुसरा काढावा लागेल. तो मला काढायचा नाही. काकू, चला बाहेर."

"मी थांबते की तिच्याजवळ."

"कुणी थांबायचं नाही. चला."

दोघी दाराबाहेर आल्या. जावई बाकावर नखं खात बसला होता, तो उठून उभा राहिला. दाराला काचेची खिडकी होती, तिच्यातून काकूंना खुर्ची दिसत होती. एप्रनखाली लहानशी झालेली लेक, तोंडात तो चिमटा, एकटी. भिंतीवरच्या बटणाकडे डॉक्टरणीचा हात गेला, आणि तेवढ्यात आतून पुन्हा उमाशाचा आवाज आला आणि दातांतून कण्हल्यासारखं "आई".

काकू हलल्या. विचार वगैरे काही नाही, पाय आपोआप दाराकडे गेले आणि उजवा हात पुढे झाला, बोट काढून. ती डबी तोंडात नीट धरायची, लेकरू घाबरलंय. बस, एवढंच डोक्यात.

दंडावर करकचून पकड बसली.

"काकू! जागच्या हलू नका," डॉक्टरीण कानाशी म्हणाली. "नाकानं श्वास घ्या हो ताई, अंगठे हलवा!" हे काचेतून आत, मोठ्यानं. बेबी स्थिर झाली. आणि दुसऱ्या हातानं पोरीनं बटण दाबलं. टुक. डोळ्याचं पातं लवेपर्यंतही नाही.

"झालं."

"काय झालं?"

"फोटो झाला, काकू. एवढंच असतं."

एवढंच! काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम रडूच कोसळलं. एवढंच होतं हो सगळं! इतकं बाहेर यायचं, इतका वेळ उभं राहायचं, आणि परत आत जायचं. एवढं केलं असतं तर त्या माणसाचं बोट राहिलं असतं. राग आला त्यांना डॉक्टरांचा, असा आला की समोर असते तर भांडल्याच असत्या. आणि त्याच वेळी असं वाटलं की या क्षणी कुणी त्यांना त्या जिन्याखालच्या लाल काळोखात नेऊन सोडलं तर काय वाट्टेल ते द्यावं. जावई घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला, तर त्यालाच म्हणाल्या, "मला काय झालंय? तिला द्या."

फोटो धुवायचा नव्हता की वाळवायचा नव्हता, पाढे म्हणायचे नव्हते. पडद्यावर तो आलेलाच होता. काकूंनी डोळे पुसून वाकून बघितलं आणि डॉक्टरणीच्या आधी त्यांचंच बोट पुढे झालं.

"ही. ही धडधाकट दिसतेय तीच. मुळाशी बघ केवढं काळं झालंय."

"बरोबर," पोरगी म्हणाली आणि जरा ओशाळली. "मी सिमेंटवाली म्हणत होते. बरं झालं उपटली नाही."

मग डॉक्टरणीनं बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन करून सगळं विचारून घेतलं, सुई देऊन दाढ बधिर केली, वरून उघडली आणि आतल्या पुवाला वाट करून दिली. दाढ काढावीसुद्धा लागली नाही, अजून दोनदा यायला सांगितलं. घरी निघेपर्यंत बेबीचा चेहरा सैल झाला होता. जावई गाडी आणायला गेला आणि मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या. बेबीचा गाल बधिर, त्यामुळे शब्द बोबडे येत होते.

"आई, बाबांना हे ठाऊकच नव्हतं ना गं? बाहेर उभं राहायचं असतं ते?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. इतकी वर्षं घरात सगळ्यांनी तेच धरलं होतं. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, जुना काळ होता. काकूंनी लेकीकडे बघितलं.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात होतं. मीही सांगत होते."

"मग?"

"मग काय! पोर आत रडतंय म्हटल्यावर त्यांना बाहेर जाववायचं नाही."

बेबीनं एक हात पोटावर ठेवला.

"पण तू थांबलीस की बाहेर."

"कुठली थांबतेय!" काकूंनी बाही वर करून दंड दाखवला. पाच बोटं लालभडक उमटली होती. "धरून ठेवली होती मला त्या पोरीनं."